लाल दोरा बांधलेल्या नळ्या

गाडी आमच्या दारात आली ती टेम्पोतून, आडवी पडून. गाठीगाठींचे टायर, छातीपर्यंत वर उचललेलं मडगार्ड, सीटच्या बगलेतून वर काढलेला सायलेन्सर, आणि पोटातून लोंबणाऱ्या काळ्या रबरी नळ्या. कार्बोरेटर वेगळाच, सुताच्या कोनांच्या रिकाम्या खोक्यात. आई पिठाच्या हातांनी दारात आली, सगळं नीट बघितलं आणि म्हणाली, "ह्येला आधी दवाखान्यात न्या."

आम्ही कबनूरचे. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, आधी माग चालवायचे, मग जॉबर झाले, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे. आई घरी मागाच्या कांड्या भरायची, म्हणजे त्यांच्यावर सूत गुंडाळायची. गाडी आबांच्या मालकांच्या मुलाची. माळावर मोटारसायकलींच्या शर्यती व्हायच्या, त्यात तो ती पळवायचा. पुढं त्याचा नाद सुटला, तो बेंगलोरला नोकरीला गेला आणि गाडी कारखान्याच्या मागच्या खोलीत कापसाच्या धुरळ्यात पडून राहिली. कुणीतरी ती उघडली होती, परत जोडायचं मात्र कुणाच्या मनात आलं नव्हतं. मालक आबांना म्हणाले, घेऊन जा, निदान जागा तरी होईल. आबांनी ती आणली, मला न विचारता. आणि आणली माझ्यासाठीच.

कारण माझं घोडं गाडीवाचूनच अडलं होतं. नव्वदीच्या दशकाची ती शेवटची वर्षं. मी नुकतीच नर्स झाले होते आणि राधानगरीच्या वरच्या अंगाला, डोंगर सुरू होतो तिथल्या एका उपकेंद्रावर मला तात्पुरती नेमणूक मिळाली होती. एसटी गावापर्यंत यायची आणि वळून जायची. त्याच्या वर तीन वाड्या. वाट म्हणजे तांबडी माती, धोंडे आणि ओढे. एरवी मी एका दिवशी एक वाडी चालत करायची. पण पोलिओच्या रविवारी तिन्ही वाड्यांतल्या पोरांना एकाच दिवसात डोस पाजायचा असायचा, तोही बर्फाच्या डब्यातून. बर्फ वितळला की लस वाया. आधीच्या फेरीला मी उजाडायला निघून दोन वाड्या केल्या आणि तिसऱ्या वाडीच्या वाटेवर अंधारानं गाठलं. परत फिरले.

डॉक्टर आमचे साहेब. त्यांनी आवाजसुद्धा चढवला नाही, आणि त्याचाच मला जास्त राग आला. म्हणाले, पुढच्या फेरीत एक जरी वाडी राहिली तरी मला वर लिहावं लागेल की हे उपकेंद्र बाईमाणसाला झेपत नाही, इथं पुरुष कर्मचारी द्या. मग तुमची ऑर्डर तिथंच संपते. मी तोंडाची फटकळ, पण साहेबांपुढं मान डोलावून बाहेर पडले. शनिवारी घरी येऊन सगळा राग आईच्या परातीवर काढला. आबा भाकरी खात होते. पुढच्या शनिवारी आले, तर दारात टेम्पो.

गिअरची गाडी मला येत होती, मामाच्या गाडीवर माळावर शिकले होते. तो प्रश्न नव्हता. प्रश्न होता ही गाडी चालू होण्याचा, आणि फेरी पुढच्याच रविवारी होती. मी रजा टाकली आणि घरीच थांबले.

आबांबद्दल एक सांगायला पाहिजे. मागाच्या खडखडाटात त्यांचे कान गेले होते. अगदी ठार नाही, पण कानाशी ओरडावं लागायचं, नाहीतर ते ओठ बघून ओळखायचे. माग नीट चालतोय की नाही हे ते ऐकून सांगत नसत, चौकटीवर तळहात ठेवून सांगत. माझ्या गळ्यातल्या स्टेथोस्कोपचं त्यांना केवढं अप्रूप. आल्यागेल्याला दाखवायचे. मी नर्सिंगला जाताना आई कुरकुरली होती, पोरीची जात, डोंगरात एकटी कशी राहणार, तेव्हा आबा तिला म्हणाले होते, "ह्या घरातल्या एकाचं तरी कान शाबूत ऱ्हाऊ देत." विषय संपला होता. नोकरी गेली तर मला घरी येऊन कांड्या भरण्याशिवाय दुसरं काही नव्हतं, आणि हे त्यांना माझ्याआधी कळलं होतं.

तर आबा पोतं अंथरून गाडीशेजारी बसले. कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला पाजणारी वस्तू. एका बाजूला हवेच्या डब्याकडून येणारं जाड रबरी तोंड, दुसऱ्या बाजूला सिलिंडरकडं जाणारं. ही दोन्ही त्यांनी बघता बघता बसवली. टाकीकडून येणारी पेट्रोलची नळी वासावरनंच कळली. उरल्या तीन बारीक नळ्या. दोन कार्बोरेटरच्या अंगातून निघालेल्या, एक त्याच्या तळाच्या वाटीतून, जिथं पेट्रोल साठतं. तिन्हींची टोकं हवेत लोंबत होती. आणि सिलिंडरकडच्या रबरी तोंडावर एक पितळी टोक उघडं होतं, त्यावर काहीच नव्हतं.

मागावर शेकडो तारा ताणलेल्या असतात, तारा म्हणजे सुताचे उभे धागे. एक तुटली की कापडात रेघ उमटते आणि मालक रागावतो. म्हणून मागावरच्या माणसाला लोंबतं टोक दिसलं की त्याचा हात आपोआप तिकडं जातो आणि गाठ पडते. आबांना घरातसुद्धा सुटं टोक खपायचं नाही. पिशवीचा बंद, परकराची नाडी, जेवताना माझ्या ओढणीचा सुटलेला दोरा, दिसलं टोक की बांध. दोन घास मध्ये थांबले तरी चालतील.

त्यांनी त्या नळ्यांकडं तसंच बघितलं. अंगातली एक नळी उघड्या पितळी टोकावर चढवली, ती बसलीसुद्धा झक्क. उरल्या दोन, त्या एकमेकींना जोडून टाकल्या, मध्ये पितळी तुकडा घालून वरून सुतळीनं आवळून. आता एकही टोक सुटं नव्हतं. हात पुसत म्हणाले, "झालं. आता तार तुटायची न्हाय." मीही मान डोलावली. मीही त्याच घरातली.

पेट्रोलमध्ये ऑईल मिसळलं आणि मी ओढणी कमरेला खोचून किक मारायला लागले. गल्ली जमा झाली. समोरचे काका जयभीम घालून तिथंच उकिडवे बसले आणि सूचना देऊ लागले. पायाचा पार पिट्टा पडला, आणि मग एकदाची ती खोकली, निळा धूर सोडला आणि फडफडायला लागली. आबांनी टाकीवर तळहात ठेवला. त्यांच्या तोंडावर जे पसरलं ते मी त्याआधी फक्त माझा निकाल लागला तेव्हा बघितलं होतं.

मी ती घेऊन ओढ्याकडं निघाले. काय पळत होती. आणि शेताच्या कडेला आल्यावर तिला दम लागल्यासारखं झालं, दोन आचके दिले आणि बंद. किक मारून मारून थकले. बसून राहिले. जरा वेळानं परत किक मारली तर लगेच चालू. घराजवळ आले, परत बंद.

मग तेच सुरू झालं. चालू व्हायची, जरा पळायची, मरायची. थांबलं की परत जिवंत. आबांनी प्लग बदलला, पेट्रोलचा कॉक उघडून साफ केला, टाकी खंगाळली. दरवेळी मी चालू करायची, ते टाकीवर हात ठेवायचे, आणि हाताखाली गाडी मरायची. गाडी बंद झाल्यावरही हात तिथंच राहायचा, मग हळूच खाली यायचा. मला ते बघवायचं नाही. इचलकरंजीतल्या मेकॅनिकनं लांबनंच बघितलं आणि सांगितलं, कार्बोरेटर गेलाय, शर्यतीचा आहे, पुण्याहून मागवावा लागेल, पंधरा दिवस. पंधरा दिवस कुणाकडं होते?

शुक्रवारी आमचं भांडण झालं. आबांशी भांडायचं म्हणजे समोर उभं राहून, तोंड दिसेल असं भांडावं लागायचं. मी म्हटलं, कुणी सांगितलं होतं हे भंगार आणायला. मी म्हटलं, मागाचं ज्ञान मागापाशी ठेवा. आणखीही बरंच बोलले, ते आता लिहीत नाही. आबांना ऐकायचं नसलं की ते डोळे मिटून घ्यायचे, संपलं. तसे ते डोळे मिटून बसले. माझी तळपायाची आग मस्तकाला गेली. मिटलेल्या डोळ्यांपुढं मी बडबडत राहिले आणि शेवटी मलाच रडू फुटलं. तेव्हा त्यांनी डोळे उघडले. म्हणाले, "तुझी नोकरी जाऊ देणार न्हाय मी." एवढंच. आणि परत पान्हा उचलला. काय करायचं ते त्यांना माहीत नव्हतं, तरी उचलला. मला इतकं वाईट वाटलं की मी आत जाऊन कांड्या भरत बसले.

शनिवारी दुपारच्या आत मला निघायचं होतं. गाडी नाही तर एसटीनं. सकाळी शेजारच्या काकूंकडून बोलावणं आलं. काकूंना जुलाब होऊन अशक्तपणा आला होता, डॉक्टर घरीच सलाईन लावून गेले होते आणि ते थांबलं होतं. गल्लीत नर्स असली की ती सगळ्यांची असते. मी गेले. बाटली उलटी टांगलेली, निम्मी भरलेली, पण थेंब पडत नव्हता. सुरुवातीला चांगलं चाललं होतं हो, मग आपोआप बंद पडलं, त्यांची सून सांगत होती.

मी बाटलीकडं बघितलं आणि चिडलेच. हवेची सुई लावायची राहिली होती. काचेच्या बाटलीतून पाणी खाली यायचं तर वरून हवा आत जायला वाट लागते, म्हणून बुचात दुसरी सुई टोचून मोकळी सोडतात. नाहीतर थोडं येतं आणि अडतं. ट्रेनिंगच्या पहिल्या महिन्यात शिकवतात हे. मी सुई टोचली. बाटलीत गुडगुड करत बुडबुडे वर गेले आणि खाली टपटप सुरू झालं.

सून म्हणाली, बघा, लगेच चालू झालं की.

मी तिथंच उभी राहिले. चालू होतं, थोडं येतं, अडतं. जरा थांबलं की परत येतं. अगं बाई! आमच्या कार्बोरेटरच्या वाटीलाही हवा लागत असणार, आणि ती जाणार कुठून? आम्ही तिची सगळी नाकं बांधून टाकली होती. काकूंना पडून राहा म्हणून सांगितलं आणि चपला हातात घेऊन पळत घरी आले.

आबा प्लग घासत होते. मी खाली बसले, पितळी टोकावरची नळी उपटली, दोन जोडलेल्या नळ्यांची सुतळी तोडली आणि तिन्ही टोकं मोकळी सोडली. आबांचा हात लगेच पुढं आला. मी त्यांचं मनगट धरलं.

"आबा, ही मोकळीच ठेवायची."

"लोंबत्यात की."

"लोंबू देत."

त्यांना पटेना. मी हातवारे करून सलाईन दाखवलं, बुडबुडे दाखवले, सुई दाखवली. ते माझ्याकडं असे बघत होते, जणू उन्हानं मला काहीतरी झालंय. तेवढ्यात आई बाहेर आली. तिनं माझं ऐकलं होतं. ती आत गेली, गोडेतेलाचा डबा घेऊन आली आणि आबांच्या डोळ्यांपुढं धरला. डब्याच्या झाकणाला दोन भोकं. एका भोकावर तिनं अंगठा दाबला आणि डबा वाटीवर तिरका केला. तेलाची धार लागली, बारीक झाली, तुटली. अंगठा काढला, धार परत सुरू.

"दोन भोकं पाडून तेल वततोय जलमभर," ती म्हणाली, "आणि एवढं कळंना व्हय तुमास्नी."

आबा डब्याकडं बघत राहिले, मग गाडीकडं, मग खांदे हलायला लागले. हसत होते. मीही हसायला लागले आणि आई चिडून, तेल सांडलं म्हणत आत गेली.

राहिलं ते उघडं पितळी टोक. तिथून इंजिन कोरडी हवा ओढत होतं, चालू केल्याबरोबर गाडी नुसती किंचाळली. म्हणजे जे मोकळं हवं ते आम्ही बांधलं होतं आणि जे बंद हवं त्याला भलतीच नळी लावली होती. त्या टोकावर मुळात एक वेगळी बाटली असायची, ती शर्यतीसाठी काढून टाकलेली, हे मला पुढं कळलं. तेव्हा मी माझ्या पिशवीतून इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीचं रबरी बूच काढलं, नळीच्या बोटभर तुकड्यात कोंबलं, तुकडा टोकावर चढवला आणि आबांनी वरून तारेनं आवळला. बांधायला काहीतरी मिळालं म्हणून ते खूश झाले.

वेळ उरला नव्हता. मी पिशवी बांधून येईपर्यंत आबांनी तीन मोकळ्या नळ्यांच्या टोकांजवळ लाल दोरा बांधून ठेवला होता. कशाला, म्हणून मी विचारलं. म्हणाले, "माझा हात जाऊ ने म्हणून."

गाडी चालू केली. त्यांनी टाकीवर हात ठेवला, पण किती वेळ ठेवणार, मला जायचं होतं. पुढं जाऊन ती मरते की राहते हे बघायला सवडच नव्हती. मी निघाले. वळणावर मागं बघितलं तर ते हात तसाच पुढं धरून उभे होते, खाली गाडी नव्हती.

ओढा आला. शेताची कड आली. गाडी पळतच राहिली. कोल्हापुरात पोचून शिवाजी पेठेतून बाहेर पडताना पोरं ओरडली, बाई चालवतीया बघ. मी मागं बघितलंसुद्धा नाही.

रविवारी उजाडताना लसीचा निळा डबा मागं दोरीनं करकचून बांधला आणि निघाले. पहिली वाडी, दुसरी वाडी. गाडीचा आवाज ऐकून पोरं आपणहून गोळा व्हायची, पाजायला धरून आणावी लागली नाहीत. तिसऱ्या वाडीच्या चढावर एका ओल्या धोंड्यावरून चाक सटकलं आणि मी गाडीसकट आडवी झाले. गुडघा सोलला. उठून बघते तर लाल दोऱ्याच्या एका नळीतून पेट्रोल ठिबकत होतं. आबांचं खरं होतं, बांधायलाच पाहिजे होतं, असं क्षणभर वाटून गेलं. गाडी उभी केली. ठिबकणं थांबलं. वाटी तिरकी झाली की जास्तीचं पेट्रोल जिथून बाहेर पडायचं ती वाट ती हीच. किक मारली. चालू. मी त्या निर्जन चढावर एकटीच मोठ्यानं हसले.

तिसऱ्या वाडीत डबा उघडला तेव्हा आत बर्फाचे खडे अजून खुळखुळत होते.

सोमवारी डॉक्टरांना कागद दिले. त्यांनी ते वाचले, खिडकीतून गाडी बघितली, माझा गुडघा बघितला, आणि ड्रेसिंग करून घ्या म्हणाले. मग म्हणाले, पुढच्या फेरीलाही त्या तीन वाड्या तुमच्याकडंच राहू देत. आणि एक दिवस सुट्टी घ्या. माणूस वाईट नव्हता.

त्या गाडीवर मी कैक वर्षं फिरले. बूच पेट्रोलनं फुगायचं, ते बदलत राहायची. लाल दोरे काळे पडले की आबा नवे बांधायचे. दोन हजारनंतर वाड्यांपर्यंत डांबर गेलं, माझी नोकरी कायम झाली, स्कूटर आली. गाडी घराच्या मागं अजून उभी आहे. तिच्याकडं बघितलं की मला तो सोमवार आठवतो.

दुपारची वेळ. मी थेट घरी निघून आले होते, कळवायला फोन कुठला. गल्लीच्या तोंडाला आले तर आबा पायरीवर बसलेले, तोंड रस्त्याकडं. कारखान्यात त्यांची पाळी होती, पण ते गेले नव्हते. आई नंतर म्हणाली, कालपास्नं तिथंच हाय, मी म्हटलं आत बसा की, तर म्हणत्यात, आली तर मला ऐकू यायचं न्हाय.

मी दारात गाडी थांबवली. ते उठून आले. माझ्या तोंडाकडं बघितलं नाही, गुडघ्याच्या पट्टीकडं नाही. आधी टाकीवर हात ठेवला. इंजिन चालू होतं. ते तसेच उभे राहिले, मान खाली घालून, हाताखाली ती कधी मरतेय त्याची वाट बघत. गाडी चालत राहिली.

मग त्यांनी वर बघितलं, माझे ओठ दिसतील असं. "पोरं समदी झाली?"

मी मान हलवली.

"तिसऱ्या वाडीतली बी?"

"तिसऱ्या वाडीतली बी."

मी चावीकडं हात नेला, तर त्यांनी दुसऱ्या हातानं तो अडवला.

"बंद करू नको," आबा म्हणाले. "जरा ऱ्हाऊ दे."